ठाण्यात बसून हॅन्स मागवताय? आधी सीटचा कोन मोजा

ठाणे-नवी मुंबईत सिंगल-सीटर, म्हणजे एकाच सीटची शर्यतीची गाडी, पळवायला ट्रॅक नाही, पण ती पळवायची हौस असलेली पोरं भरपूर. घोडबंदर रोडच्या नाहीतर खारघरच्या फ्लॅटमध्ये सिम्युलेटर, मग तासावारी भाड्याची कार्ट, मग जमलं तर कोल्हापूरचा कार्टिंग ट्रॅक. पैसे आणि घरच्यांची परवानगी दोन्ही एकाच वर्षी मिळाली, की कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे किंवा चेन्नईजवळचं मद्रास इंटरनॅशनल सर्किट. पहिली गाडी बहुधा फॉर्म्युला एलजीबी. नळ्यांची चासी, मारुती स्विफ्टचं १३०० सीसी इंजिन, चाकं उघडी आणि डोकंही उघडं. खरेदीच्या यादीत हेल्मेट, सूट, हातमोजे, बूट असतात आणि शेवटी एक अनोळखी नाव: हॅन्स (हेड अँड नेक सपोर्ट), म्हणजे धडकेत डोकं आणि मान आवरणारी कॉलर. यादीतल्या बाकीच्या वस्तू कशासाठी, हे न सांगता कळतं. हॅन्स पाहून मात्र घरचे विचारतात, ‘या प्लॅस्टिकच्या कॉलरला एवढे पैसे?’

हे परीक्षण त्या कॉलरचं. तेही कार्बनच्या चकचकीत मॉडेलचं नाही. साच्यात ओतलेल्या पॉलिमरचं, सगळ्यात खालच्या किमतीचं, पण एफआयए या आंतरराष्ट्रीय मोटरस्पोर्ट संघटनेची ८८५८-२०१० मान्यता असलेलं जे मॉडेल चारपाच नामांकित कंपन्या थोड्याफार फरकाने विकतात, त्याचं. मत आधीच सांगून टाकू. वस्तू उत्तम आहे आणि नवशिक्याने याहून महाग घेण्याचं कारण नाही. मात्र नुसत्या मापावरून, सीटचा कोन न बघता मागवली, तर तीच वस्तू अर्धीही कामाची राहत नाही.

काम कसं करते ते आधी. समोरून धडक बसली की छाती पट्ट्यांनी धरलेली असते. डोक्याला कुणीच धरलेलं नसतं. डोकं साडेचार-पाच किलो आणि हेल्मेट दीड किलोच्या आसपास, म्हणजे सहा किलोंचा ऐवज मानेच्या टोकावर. धडकेत ५० जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या पन्नास पट जोर बसला, तर तेवढ्या क्षणापुरतं ते सहा किलो तीनशे किलोंच्या वजनासारखं पुढे ओढलं जातं. मान तुटत नाही कदाचित, पण कवटी जिथे मणक्यावर बसते तिथलं तळाचं हाड मोडतं आणि त्याच्या आतून जाणाऱ्या रक्तवाहिन्या फाटतात. बाहेरून अंगावर ओरखडा नसला तरी माणूस जागच्या जागी जातो. हॅन्समध्ये एक ताठ कॉलर मानेमागे उभी असते, तिच्यापासून निघालेले दोन पाय कॉलरबोनवरून छातीवर येतात, आणि खांद्याचे पट्टे या पायांवरून जाऊन त्यांना अंगाशी दाबून धरतात. कॉलरच्या दोन बाजूंनी निघालेले टेदर, म्हणजे आखूड मजबूत बंध, हेल्मेटला अडकवलेले असतात. डोकं पुढे जायला लागलं की टेदर ताणतात, ओढ कॉलरवर येते, कॉलरकडून पायांवर, पायांकडून पट्ट्यांखालच्या छातीवर. मानेच्या वाट्याला फार थोडं उरतं.

म्हणजे हॅन्स एकटं काहीच करत नाही. हेल्मेट, टेदर, कॉलर, पट्टे आणि सीट ही साखळी आहे. परीक्षणाचा बराचसा भाग या साखळीतल्या बाकीच्या कड्यांवर जाईल, कारण घोळ तिथेच होतात.

ही कल्पना रॉबर्ट हबर्ड या मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या बायोमेकॅनिक्सच्या प्राध्यापकांची आणि त्यांचे मेव्हणे, रेसिंग ड्रायव्हर जिम डाउनिंग यांची. १९८१ मध्ये मिड-ओहायो ट्रॅकवर चाचणीदरम्यान ड्रायव्हर पॅट्रिक जॅकमार्टचा जीव गेला तेव्हा डाउनिंगनी मेव्हण्यांना विचारलं, याला काही उपाय आहे का. उपाय निघाला, पण वीसेक वर्षं कुणी फारसं विचारलं नाही. ३० एप्रिल १९९४ ला इमोला इथे रोलंड राट्झेनबर्गर याच प्रकारच्या दुखापतीने गेला. सप्टेंबर १९९९ मध्ये लगुना सेका इथे गोन्झालो रॉड्रिग्ज तसाच गेला. १८ फेब्रुवारी २००१ ला डेटोनामध्ये नॅस्कार ड्रायव्हर डेल अर्नहार्ट गेला तेव्हा कुठे अमेरिकेत गांभीर्याने हालचाल झाली. फॉर्म्युला वनमध्ये २००३ पासून सक्ती झाली, तेव्हाही ‘खांदे दुखतात, मान वळत नाही’ म्हणून ड्रायव्हर कुरकुरले. पुढे २००७ ला माँट्रियलमध्ये रॉबर्ट कुबित्साची गाडी भिंतीवर आदळून चेंदामेंदा झाली. क्षणभरासाठी ७५ जीपर्यंत मार नोंदला गेला आणि तो मुरगळलेल्या घोट्यावर आणि डोक्याला बसलेल्या धक्क्यावर निभावला. त्यानंतर कुरकुर बरीच कमी झाली.

आता वस्तूकडे. पॉलिमर आणि कार्बन या दोन्ही मॉडेलांना एकाच ८८५८ मानकाची चाचणी उत्तीर्ण व्हावी लागते. फरक वजनाचा, तोही काहीशे ग्रॅमचा, आणि किमतीचा. कार्बनचं मॉडेल पॉलिमरच्या दुप्पट ते तिप्पट जातं. पट्टे घट्ट बांधले की हे वजन खांद्यावर बसलेलं असतं, मानेवर येत नाही. पंधरा-वीस मिनिटांच्या शर्यतीत ते जाणवतही नाही. २४ तासांची शर्यत पळवणाऱ्याला जाणवेल. वाचलेले पैसे हेल्मेटमध्ये घाला. पॉलिमरच्या मॉडेलचा खरा दोष आहे कडांच्या फिनिशिंगचा. पायांच्या आतल्या कडेला साच्याची शीर राहिलेली असते, ती पातळ सूटमधून कॉलरबोनला टोचते. सँडपेपर हातात घेण्याआधी थांबा. मान्यताप्राप्त उपकरणाला घासणं, भोक पाडणं, कापणं यातलं काहीही केलं की स्क्रूटिनीत, म्हणजे शर्यतीआधीच्या तपासणीत, ते बाद होऊ शकतं. कंपनीने त्याच मॉडेलसाठी दिलेलं जेल किंवा फोमचं पॅड घ्या. खरेदीच्या वेळीच मागवा, नंतर वेगळ्या कुरियरचा खर्च पॅडच्या किमतीइतका होतो.

सरकणारे टेदर घ्या. स्थिर टेदर कॉलरच्या दोन कडांना पक्के असतात आणि डोकं वळवलं की एक बाजू लगेच ताणते. सरकणाऱ्यात टेदर कॉलरच्या मागून आरपार फिरतो, त्यामुळे आरसा बघायला आणि वळणाचं आतलं टोक शोधायला मान मोकळी राहते. उघड्या चाकांच्या गाडीत हा मुद्दा सुखसोयीचा नाही. तुमचं पुढचं चाक दुसऱ्याच्या मागच्या चाकावर चढलं की गाडी हवेत जाते. टायर टायरला भिडतो, दोन्ही फिरत असतात, आणि मागच्या गाडीचा टायर अक्षरशः वर चढत जातो. बंद चाकांच्या गाड्या अशा वेळी फक्त घासतात. शेजारी कोण आलंय हे आरशात न दिसणं इथे महाग पडतं, म्हणून मान वळलीच पाहिजे.

कोन. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून जरा सविस्तर. हॅन्स १०, २०, ३० आणि ४० अंशांत मिळतं. हा कोन कॉलर आणि खांद्यावरचे पाय यांच्यातला. ड्रायव्हर ताठ बसत असेल तर कमी, रेललेला असेल तर जास्त. रॅलीच्या आणि ट्रकच्या ताठ सीटला १०, सलून आणि जीटी गाड्यांना २०, बहुतेक सिंगल-सीटरना ३०, फॉर्म्युला वनसारख्या जवळजवळ निजलेल्या बैठकीला ४०. दुकानात किंवा वेबसाइटवर सगळ्यात सहज मिळतं ते २०, कारण ते सगळ्यात जास्त खपतं. आणि २० चं हॅन्स रेललेल्या सीटमध्ये घातलं की कॉलर अंगासोबत मागे कलते, हेडरेस्टला घासते, टेदरची ओढ ज्या दिशेने यायला हवी त्या दिशेने येत नाही. घरी आरशासमोर उभं राहून घातलं तर हे काहीच कळत नाही. उभ्या माणसावर कुठलंही हॅन्स छानच बसतं.

म्हणून मागवण्याआधी ज्या गाडीत बसणार तिच्या संघाला फोन करा आणि सीटच्या पाठीचा कोन विचारा. त्यांना माहीत नसेल तर मेकॅनिकला सांगा, मोबाइलमधलं लेव्हलचं अॅप उघडून फोन सीटच्या पाठीवर टेकव आणि आकडा पाठव. दोन मिनिटांचं काम आहे. गाडीगणिक आणि सीटगणिक हा आकडा बदलतो, त्यामुळे ‘गेल्या वर्षी मित्राने २० घेतलं होतं’ याला अर्थ नाही. पुढे एफआयएच्या भारतीय एफ४ मध्ये जायचा विचार असेल, तर तिथली मिगाल कंपनीची कार्बन मोनोकॉक (एकसंध कवचाची) गाडी वेगळी, बैठक वेगळी. तेव्हा नवं हॅन्स घ्यावं लागू शकतं हे आत्ताच गृहीत धरा. महाग कार्बन आत्ता न घेण्याचं हे आणखी एक कारण.

माप मानेच्या घेरावरून ठरतं. कंपनीचा तक्ता बघा, मधलं माप बहुतेक प्रौढांना होतं. बारीक मानेच्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना मधलं माप ढगळ होतं आणि पाय खांद्यावरून बाहेरच्या बाजूला सरकतात. लहानच घ्या. ‘वाढत्या अंगाचं’ हा हिशोब शाळेच्या गणवेशासाठी ठीक आहे.

हेल्मेट हे हॅन्सच्या किमतीत धरलेलं नसतं, पण त्याशिवाय हॅन्स अडकणार कशाला? ठाण्यात, वाशीत रायडिंग गिअरची चांगली दुकानं आहेत. त्यांचा बहुतेक माल दुचाकीचा असतो आणि दुकानदारही ते लपवत नाही. दुचाकीच्या हेल्मेटवरचा आयएसआय म्हणजे आयएस ४१५१. तो रस्त्यासाठी हवाच, ट्रॅकवर सिंगल-सीटरमध्ये चालत नाही. तिथे एफआयए ८८५९-२०१५ किंवा स्नेल या अमेरिकन चाचणी संस्थेच्या एसए मालिकेचं हेल्मेट लागतं. फरक फक्त स्टिकरचा नाही. एसएचं अस्तर आग न धरणारं असतं, त्याची रोल-बारवर (गाडी उलटल्यास डोकं वाचवणाऱ्या नळीवर) आपटण्याची वेगळी चाचणी होते, आणि दोन्ही बाजूंना हॅन्सचे क्लिप बसवण्यासाठी एम६ आट्यांचे पक्के नट कवचातच बसवलेले येतात. स्नेल एम हे दुचाकीसाठी, स्नेल के हे कार्टिंगसाठी. केमध्ये आगीची चाचणी नसते. कार्टिंगमधून वर आलेली मुलं तेच के हेल्मेट घेऊन येतात आणि कोइम्बतूरला स्क्रूटिनीच्या टेबलावर अडकतात. नव्याने घेताना क्लिप सोबत आहेत की वेगळे घ्यायचे ते विचारा. हॅन्सच्या टेदरचं टोक आणि हेल्मेटचा क्लिप एकमेकांत बसतात ना, हेही. या दोन्हींचे एकापेक्षा जास्त प्रकार आहेत.

‘नट नसले तर भोक पाडून बसवून देतो’ असं कुणी म्हणालं तर नमस्कार करून बाहेर पडा. कवचाला भोक पाडलेलं हेल्मेट मान्यतेच्या बाहेर जातं. रंगाचंही तसंच. आवडीचा रंग हवाच असेल तर हवेत वाळणारा, हेल्मेट कंपनीने चालेल म्हटलेला रंग वापरा. थिनर आणि भट्टीत तापवून बसवलेला रंग कवचाची रेझिन कमकुवत करू शकतो, आणि बाहेरून दिसतं काहीच नाही.

हेल्मेटचं माप भुवयांच्या वर बोटभर, डोक्याच्या सगळ्यात फुगीर घेरावर टेप धरून घ्या. घातल्यावर गाल दाबले गेले पाहिजेत, कातडी हेल्मेटबरोबर हलली पाहिजे. पट्टा बांधून मागच्या कडेला धरून पुढे ओढून बघा. हेल्मेट डोळ्यांवर आलं तर सैल आहे. सैल हेल्मेटला हॅन्स लावलं तर टेदर हेल्मेट धरून ठेवतात, पण डोकं आतल्या आत पुढे जातंच.

पट्टे गाडीचे असतात, तुमचे नाहीत, त्यामुळे खरेदीच्या यादीत नसतात आणि बघायचेच राहून जातात. लेबल उलटून वाचा. एफआयएच्या पट्ट्यांवर कोणत्या वर्षानंतर वापरू नयेत ते छापलेलं असतं. सहा बिंदूंचा हार्नेस हवा. खांद्याचे पट्टे खांद्याच्या मागे आडवे किंवा जास्तीत जास्त २० अंश खाली उतरत जायला हवेत. त्याहून तिरके उतरले तर धडकेत ते मणका खाली दाबतात, वर चढले तर हॅन्सचे पाय छातीवरून उचलले जातात. दोन इंची खांदापट्टे हॅन्सच्या पायावर नीट बसतात. तीन इंची पट्टेही चालतात, पण अरुंद खांद्यांच्या ड्रायव्हरला ते बाहेर घसरतात. घसरले की हॅन्स गळ्यात नुसतं अडकवलेलं राहतं.

बांधण्याचा क्रम चुकवू नका. आधी कमरेचा पट्टा, पोटावर नाही, खुब्याच्या हाडांवर, जितका खाली आणि घट्ट जाईल तितका. मग मांड्यांमधले. मग हॅन्सचे पाय सरळ करून सगळ्यात शेवटी खांद्याचे. खांद्याचे आधी ओढले तर बकल वर पोटावर येतं आणि धडकेत शरीर पट्ट्याखालून पुढे घसरतं. रेललेल्या बैठकीत हा धोका ताठ सीटपेक्षा जास्त. मेकॅनिकला शेवटची ओढ द्यायला सांगा, कारण कॉकपिटमध्ये कोपर मागे न्यायला जागाच नसते. ग्रिडवर, म्हणजे शर्यत सुटायच्या जागी, उभं असताना एकदा परत ओढा.

मग तपासा. पट्टे घट्ट, टेदर अडकवलेले, डोकं जोर लावून पुढे न्या. हनुवटी छातीला टेकायच्या आत टेदर ताणले पाहिजेत. आता दोन्ही आरसे बघा. हनुवटी उचलली जात असेल तर टेदर आखूड आहेत. टेदरला पीळ नाही ना, ते कॉलरच्या खाचेतच आहेत ना, हेही बघा.

सीटचा फोम ओतताना हॅन्स अंगावर असलंच पाहिजे. एलजीबीसारख्या गाडीत अंगाच्या मापाची सीट करायला दोन द्रावणांचा पॉलियुरेथेन फोम जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत ओतून ड्रायव्हरला त्यावर बसवतात. फोम फुगून घट्ट होईपर्यंत गाडी चालवायच्या स्थितीत हलायचं नाही, पाय पेडलवर, हात स्टिअरिंगवर. ही सीट हॅन्सशिवाय केली, तर फोम खांद्यामागे वर येतो आणि नंतर हॅन्स घातलं की कॉलर पुढे ढकलली जाते, डोकं हेडरेस्टपासून दूर राहतं. मग करवतीच्या पात्याने खांद्यामागचा फोम कापत बसावं लागतं. फोमच्या कामासाठी तुर्भे-रबाळेच्या एमआयडीसीतले फायबरग्लासवाले कारागीर हुशार आहेत. सीटचं कवच, हेडरेस्टचं खोकं ते चोख करून देतात. तेच लोक हॅन्सचा साचा काढून हुबेहूब कॉलरही बनवू शकतील. ती मात्र करून घेऊ नका. आकार हुबेहूब असला तरी आत धागे कोणत्या दिशेला किती घालायचे, पाय मोडायच्या आधी किती वाकले पाहिजेत, हे चाचणीशिवाय कळत नाही, आणि तुमची चाचणी भिंतीवर होईल.

नकली आणि निरुपयोगी मालाबद्दल. कार्टिंगच्या दुकानात ‘नेक सपोर्ट’ म्हणून फोमचं गोल कडं मिळतं. ते हॅन्स नव्हे. कार्टमध्ये पट्टेच नसतात, त्यामुळे तिथे हॅन्स कामच करू शकत नाही आणि म्हणून तिथे ते कडं वापरतात. सिंगल-सीटरमध्ये त्याचा समोरच्या धडकेत काही उपयोग नाही. मोटोक्रॉसची नेक ब्रेसही पट्ट्यांच्या गाडीसाठी नाही. ऑनलाइन संशयास्पद स्वस्त मिळालं तर एफआयएच्या संकेतस्थळावरची तांत्रिक यादी क्र. २९ उघडा. मान्यताप्राप्त मॉडेलं तिथे आहेत. ८८५९ च्या हेल्मेटांची यादी ४९ क्रमांकाची. कॉलरवर लेबल आणि टेदरवर वेगळं लेबल, दोन्ही असायला हवीत. अमेरिकेतून कुणा नातेवाइकाने आणलेल्या हॅन्सवर नुसतं एसएफआय ३८.१ हे अमेरिकन मानक असेल तर थांबा. त्याला दर पाच वर्षांनी पुन्हा तपासून घ्यावं लागतं, आणि जिथे एफआयए मान्यता मागितली आहे तिथे ते पुरत नाही. तुमच्या मालिकेला नक्की काय लागतं, ते त्या वर्षीच्या नियमपत्रकात वाचा. व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारू नका.

परदेशातून थेट मागवायचं असेल तर सीमाशुल्क आणि जीएसटी धरून हिशोब करा. कुरियरवाले केवायसी मागतात, ते आधीच भरून ठेवा. हेल्मेटबाबत एक अडचण येऊ शकते. दुचाकीच्या हेल्मेटना १ जून २०२१ पासून बीआयएसची सक्ती आहे, आणि पार्सलवर नुसतं ‘हेल्मेट’ लिहिलं असेल तर प्रश्न उभा राहतो. इनव्हॉइसवर चारचाकी शर्यतीचं हेल्मेट असं स्पष्ट लिहून घ्या. देशातल्या विक्रेत्याकडून घेतलं तर किंमत थोडी जास्त, पण कोन चुकला तर बदलून मिळण्याची शक्यता. ती शक्यता पैशांच्या फरकाइतकी मोलाची आहे, इतपत ठाम मत द्यायला हरकत नाही. जुनं हॅन्स कुणी सीनियर देत असेल तर एकच प्रश्न विचारा, यात धडक झाली होती का? उत्तर देताना तो घुटमळला तर राहू द्या.

हॅन्स काय करत नाही, तेही माहीत हवं. बाजूने बसलेल्या धक्क्यात ते फार थोडं काम करतं. तिथे हेडरेस्टच्या दोन बाजूंचा फोम लागतो. फॉर्म्युला वनमध्ये त्या फोमचेही प्रकार ठरलेले आहेत, ३० अंश सेल्सियसच्या वर निळा, खाली गुलाबी, कारण हा फोम गरमीत मऊ आणि थंडीत कडक होतो. चेन्नईच्या उन्हात उभ्या गाडीच्या हेडरेस्टला बोटाने दाबून बघा. लगदा झाला असेल तर संघाशी बोला. उडत आलेलं चाक किंवा तुकडा हॅन्स अडवत नाही. २००९ ला ब्रँड्स हॅचवर ड्रायव्हर हेन्री सर्टीसच्या डोक्यावर सुटलेलं चाक आदळलं. अशा प्रसंगांवरून हॅलो, म्हणजे डोक्याभोवतीची संरक्षक कमान, आला, फॉर्म्युला वनमध्ये २०१८ पासून. भारतीय एफ४ च्या गाडीला तो आहे, एलजीबीला नाही.

आणि आग. २९ नोव्हेंबर २०२० ला बहरीनमध्ये फॉर्म्युला वन ड्रायव्हर रोमाँ ग्रोझाँची गाडी ताशी १९२ किमीने रेलिंगमध्ये घुसली, ६७ जी बसले, गाडीचे दोन तुकडे झाले आणि तो अर्ध्या मिनिटाच्या आत ज्वाळांतून बाहेर आला. हॅलोने रेलिंग डोक्यावरून बाजूला सारलं. त्यानंतर स्वतः पट्टे सोडून बाहेर पडण्याइतकी शुद्ध आणि मान शाबूत होती, यात हॅन्सचाही वाटा. भाजले ते हात. म्हणून स्वस्तातले हातमोजे घेऊ नका. सूटवर एफआयए ८८५६-२०१८ किंवा आधीचं ८८५६-२००० लेबल बघा. नव्या मानकात उष्णता आरपार जायला किमान १२ सेकंद लागले पाहिजेत, जुन्यात ११. आत नोमेक्सचाच (आग न धरणाऱ्या कापडाचा) बनियन हवा, सुती किंवा पॉलिएस्टरचा टी-शर्ट नको. सूटवर नाव-गाव, प्रायोजकाचा बिल्ला शिवून घ्यायला लोक उल्हासनगरला जातात. शिंपी कसबी आहेत, पण साध्या पॉलिएस्टर दोऱ्याने सगळे थर एकत्र शिवले तर थरांमधली हवा जाते आणि वितळलेला दोरा कातडीला चिकटतो. आग न धरणारा दोरा तुम्हीच आणून द्या आणि शिवण फक्त बाहेरच्या थरावर ठेवायला सांगा. तो ‘पक्कं करतो’ म्हणेल. नको म्हणा.

हॅन्स घालून बाहेर पडण्याचा सराव गाडी उभी असताना करा. स्टिअरिंग काढा, बकल फिरवा, खांद्याचे पट्टे कॉलरवरून हाताने मागे टाका, मगच उठा. नवख्याचं नेहमी इथेच अडतं, पट्टा हॅन्सच्या पायाखाली अडकतो आणि घाईत माणूस परत सीटमध्ये बसतो. फॉर्म्युला वनमध्ये हॅलोसकट ७ सेकंदांत बाहेर पडावं लागतं. एलजीबीत हॅलो नाही, तेव्हा तेवढा वेळ तरी जमला पाहिजे.

आपल्याकडच्या पावसाळ्यात ठेवणीचा प्रश्न येतोच. जून ते सप्टेंबर सूट आणि बनियन कपाटात दमट राहतात, बुरशी येते. हॅन्सचे टेदर आणि पॅड पुसून, पंख्याखाली पूर्ण वाळवून, सिलिका जेलच्या पुड्या टाकून पिशवीत ठेवा. हेल्मेटच्या क्लिपचे स्क्रू गंजलेत का बघा. सूट उलटा करून सौम्य साबणात, सॉफ्टनरशिवाय, आणि वाळवायचा सावलीत. ऊन लागलं की नोमेक्सचे धागे कमजोर होतात आणि रंगही उडतो. हेल्मेट अॅक्टिव्हाच्या आरशाला टांगू नका, पेट्रोलने पुसू नका.

धडक झाल्यावर: हॅन्सचे टेदर बदलायचे, कॉलरला भेग, पांढरी रेघ किंवा वाक आहे का उजेडात धरून बघायचं आणि शंका आली तर कंपनीकडे तपासायला पाठवायचं. हेल्मेट कठीण जागी आपटलं असेल तर बदलायचं. आतला फोम एकदा दबला की पुन्हा तेवढा मार खात नाही. कुर्ला टर्मिनसहून कोइम्बतूर एक्सप्रेसने जात असाल तर दोन्ही सामानाच्या ढिगाखाली ठेवू नका, वरच्या बर्थवर उशाशी ठेवा. विमानाने गेलात तर दोन्ही केबिनमध्ये न्या, आणि लेबलांचे फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा. एखादं स्टिकर वाटेत घासून गेलं, तर स्क्रूटिनीत तेवढाच आधार.